कॅनो, तंबू आणि गळ: धरणावर रात्र काढायची तर आधी काय, मग काय

फुगवता येणाऱ्या कॅनो (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या) घरपोच मिळायला लागल्यापासून शनिवार-रविवारी धरणांच्या फुगवट्यात हौशी मंडळी दिसू लागली आहेत. सामान चांगलं असतं, उत्साहही असतो. चुकतो तो क्रम. घरून निघायला नऊ, पाण्यावर पोचायला दुपारचा एक, भर वाऱ्यात होडी पाण्यात, अंधारात तंबू, आणि गळ टाकायची वेळ येते तेव्हा सगळे थकलेले. खालचे टप्पे त्याच क्रमानं करायचे आहेत. एखादा टप्पा जमला नाही तर पुढचा करू नका.

## टप्पा १: पाणी कोणाचं, हे आधी विचारा

धरणाचं पाणी सरकारचं, म्हणजे कोणीही उतरावं, असं नसतं. पाणी आणि काठाची संपादित जमीन जलसंपदा विभागाकडे असते. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं, त्यामुळे न विचारता टाकलेला गळ त्यांच्या लेखी चोरीच. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर कोणाचा तरी हरभरा नाही तर गहू उभा असतो.

पैठणचा नाथसागर पहिल्या यादीतून काढून टाका. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय होडी, तंबू, गळ यातलं काहीच चालत नाही. शिवाय हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात, आपल्या वल्ह्यांनी त्यांना उठवण्यात अर्थ नाही. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, मांजरा, निम्न दुधना यांच्या फुगवट्यात विचारून पाहता येतं. पण पहिल्याच खेपेला एवढं मोठं पाणी नकोच. तालुक्यातला एखादा मध्यम प्रकल्प निवडा, जिथून चारही काठ डोळ्यांना दिसतात.

विचारायचा क्रम असा: आधी मच्छीमार संस्था, मग जलसंपदाचं शाखा कार्यालय, शेवटी गावचे पोलीस पाटील. संस्थेची परवानगी कागदावर घ्या. गळाची फी मागितली तर पावती घ्या आणि घासाघीस करू नका.

त्याच फेरीत काठावरच्या एखाद्या भोई मामांजवळ अर्धा तास बसा. विचारायचे प्रश्न ठरलेले असू द्या: "मामा, जाळी कुठं कुठं लावलीत? पाणी रोज किती उतरतंय? जुन्या विहिरी कोणत्या बाजूला आहेत?" तिसरा प्रश्न लोक विसरतात. बुडीत शिवारातल्या विहिरी पाण्याखाली तशाच असतात. गुडघाभर पाण्यातून होडी ओढत चालताना पुढचं पाऊल थेट चाळीस फुटांच्या विहिरीत पडू शकतं. त्या जागा मोबाईलच्या नकाशावर तिथल्या तिथे खुणा करून ठेवा.

तपासा: परवानगी, विहिरींच्या खुणा आणि गावातल्या एका माणसाचा फोन नंबर. तिन्ही हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नका.

## टप्पा २: तारीख

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. इतकंच.

पावसाळ्यात येवा (धरणात येणारं पाणी) कधी वाढेल आणि दरवाजे कधी उचलतील याचा भरवसा नसतो. शिवाय रोहू-कटला याच दिवसांत अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच बरा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर अर्ध्या तासात जमतो आणि सपाट पाण्यावर होडीत बसलेला माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. हिवाळ्यातही ढग दिसले तर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप बघा. गडगडाट ऐकू आला की काठ गाठायचा आणि एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही.

धरणाचा साठाही पाहून घ्या. जलसंपदा विभाग तो रोज जाहीर करतो. मांजरा कोरडं पडलं आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसं वर्ष असेल तर बेत रद्द करा. तळाशी उरलेलं पाणी गावांच्या पिण्याचं असतं आणि काठाचा गाळ माणूस गिळेल असा असतो.

## टप्पा ३: सामान, आणि काय घरी ठेवायचं

दोन माणसांना एका रात्रीसाठी पंधरा-सोळा फुटी कॅनो पुरते. फायबरची असेल तर उत्तम. हवेची असेल तर तिचा खरा शत्रू काठावरचा काटा आहे. बाभूळ आणि वेडी बाभूळ पाण्यात उभी सुकलेली असते आणि काटे लाटेबरोबर काठाशी गोळा होतात. पंक्चरचं सामान आणि पंप होडीतच हवेत, गाडीत नव्हे.

लाइफ जॅकेट फोमचं घ्या. ते घालून पट्टे आवळा, मग कोणालातरी खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. "मला पोहता येतं" हे उत्तर धरत नाहीत. कपडे आणि बूट घालून, थंड पाण्यात, गाळात पाय अडकलेला असताना पोहून पाहिलेलं कोणी भेटत नाही.

बाकी सामान थोडक्यात:

- तीन वल्ही (एक जादा, होडीला बांधलेलं), पाणी उपसायला कापलेला डबा, शिट्टी, डोक्याला लावायचे दोन टॉर्च.
- पंधरा मीटरचे दोन दोर, चार किलोचा नांगर. वाळूची पिशवीही चालते.
- कापडालाच शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन असलेला तंबू.
- माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी. धरणाचं पाणी भांड्यांना. प्यायची वेळ आलीच तर गाळून खळखळ उकळून.
- गॅसची छोटी शेगडी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदे, येसर (रस्सा करायचं भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ). मासा मिळेलच असं धरून जेवणाचा बेत करू नये.
- चिमटा पक्कड, कात्री, जंतुनाशक, पट्ट्या.

घरी ठेवायचं ते: दारू, मोठा स्पीकर, लोखंडी खुर्च्या. दारूबद्दल चर्चा नको. धरणावर जे बुडतात त्यांच्या बातम्या वाचल्या तरी पुरे.

## टप्पा ४: रिकामी होडी, कमरेएवढं पाणी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मुक्कामाच्या आधीच्या एखाद्या रविवारी, सामान न घेता, कमरेएवढ्या पाण्यात दोन तास द्या.

पहिला तास वल्ह्याचा. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा लय देतो. दोघं विरुद्ध बाजूंना वल्हवतात. मागच्याच्या ताकदीनं होडी सारखी एका अंगाला वळते. म्हणून वल्हं मागे येऊन संपताना त्याचं पातं उभं करून बाहेरच्या बाजूला हलकं ढकलायचं. हे हातात बसलं की बाजू बदलत बसावं लागत नाही. एकटे असाल तर मागच्या टोकाला बसू नका, पुढचं टोक हवेत उचललं जाईल आणि वारा त्याला हवं तिकडे नेईल. पुढच्या बैठकीवर उलटं तोंड करून बसा, म्हणजे वजन मध्याकडे येतं.

दुसरा तास उलटण्याचा. मुद्दाम उलटा. होडी सोडायची नाही, हा एकच नियम. पाण्यानं भरलेली होडीसुद्धा तरंगते आणि लांबून दिसते. पोहत निघालेल्या माणसाचं डोकं दिसत नाही. दोघांनी दोन बाजूंना धरून काठाकडे पाय मारत ढकलत यायचं.

लक्षात ठेवा: नाक होडीच्या कडेबाहेर गेलं की होडी उलटते. वाकायचं असेल तर गुडघ्यांवर या, डोकं कडेच्या आतच.

## टप्पा ५: भरणं

होडी पाण्यात तरंगत असताना भरा. काठावर भरून ढकलली तर तळ खरवडतो आणि हवेची असेल तर फाटते. जड सामान तळाशी, मध्यभागी: पाण्याचे कॅन, शेगडी, नांगर. हलकं टोकांकडे. कपडे आणि अंथरूण खताच्या रिकाम्या पोत्यांत नको, ती पाणी धरतात; दोन जाड प्लास्टिक पिशव्या एकात एक घालून तोंड पिळून बांधा. सगळं होडीच्या आडव्या दांड्यांना बांधायचं, पण आपले पाय अडकतील असा एकही दोर मोकळा लोंबता कामा नये.

तपासा: दोघं बसल्यावर सगळ्यात खालची कड पाण्यापासून किमान १५ सेंटीमीटर वर आहे का? नसेल तर सामान काढा. लेबलवर लिहिलेलं वजन शांत पाण्याचं असतं, त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांबलेलं बरं.

समोरून वारा असेल तर पुढचा भाग किंचित जड ठेवा, मागून असेल तर मागचा.

## टप्पा ६: पाण्यावर, सकाळी

सगळ्या चुकांची आई म्हणजे उशिरा निघणं. हिवाळ्यात सकाळी पाणी काचेसारखं असतं, दहा-अकरानंतर वारा उठतो आणि मोकळ्या फुगवट्यात तो जितकं लांब अंतर कापून येतो तितकी लाट मोठी. म्हणून सात-साडेसातला धुकं उठलं की निघा आणि दहाच्या आत मुक्कामाला पोचा. धुक्यात निघू नका. जाळी काढायला आलेली होडी तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्ही तिला.

काठापासून पन्नास ते शंभर मीटरवरून काठ धरून चला. मधून आडवं कापायचा मोह होतो, पण वाचलेली वीस मिनिटं त्या धोक्याच्या मोलाची नाहीत. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला की जवळचा काठ गाठा आणि थांबा. संध्याकाळी वारा बहुधा पडतो.

वाटेत तीन गोष्टी टाळायच्या:

जाळी. बाटल्या किंवा थर्माकोलच्या तुकड्यांची ओळ दिसली की खाली जाळं आहे. वळसा घाला. अडकलंच तर कापू नका, वल्ह्यानं खाली दाबून होडी सोडवा.

मोटारी. आपल्याकडे फुगवट्याच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आणि पाण्यातून गेलेल्या वायरी असतात, जोड कुठे कुठे नुसत्या चिकटपट्टीचे. मोटार बंद दिसते म्हणून जवळ जाऊ नका. शेतीची लाइट पाळीनं येते, कधी रात्री दोनला, आणि स्टार्टर ऑटोवर असेल तर लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते. पाइपजवळ होडी बांधणं, पोहणं, भांडी घासणं, काहीच नको.

भिंत, सांडवा, जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आणि वीजगृह. यांच्यापासून अर्धा किलोमीटर लांब. येलदरीच्या खाली सिद्धेश्वरच्या बाजूला उतरणार असाल तर वीजनिर्मितीचं पाणी कधी सोडतात ते आधी विचारा.

## टप्पा ७: आधी तंबू

पोचल्या पोचल्या गळ काढणारे संध्याकाळी पस्तावतात. आधी मुक्काम.

जागा: पाण्यापासून पाच-सहा फूट उंचीवर, कोरडी, मुरमाड. काळ्या मातीची भेगाळलेली जागा टाळा, भेगांत साप आणि विंचू दोन्ही असतात. उसाच्या फडाला लागून नको, रानडुकरं आणि काही भागांत बिबट्याही फडातच असतो. गुरांच्या पाणवाटेवर नको. जवळ एखादा आखाडा (शेतातलं राहतं ठिकाण) असेल तर जाऊन सांगा, "दादा, आज रात्री तिकडं मुक्काम आहे." रात्री टॉर्च हलताना दिसला की मोटारचोर समजून लोक काठ्या घेऊन येतात, आणि त्यांचं चुकत नाही.

होडीची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की पातळी रोज थोडी उतरते. पाच सेंटीमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण शंभराला एक असा सपाट उतार असेल तर पाच सेंटीमीटरला पाच मीटर काठ उघडा पडतो, आणि तो सगळा गाळ असतो. म्हणून होडीसाठी तीव्र उताराचा, खडकाळ किंवा मुरमाड काठ शोधा. रात्री ती पूर्ण बाहेर काढा, पालथी घाला आणि झाडाला बांधा.

सावधान: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि कधी कधी दंश कळतही नाही. उघड्यावर अंथरूण नको. तंबूची चेन संध्याकाळपासूनच बंद, बूट आत, सकाळी झटकून घालायचे. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी ठाऊक हवं. दंश झाला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. माणसाला न चालवता, न हलवता १०८ ला फोन.

शौचाचा खड्डा पाण्यापासून साठ मीटरवर, वीतभर खोल.

## टप्पा ८: आता गळ

दुपारी झोप काढा. चार वाजता सुरुवात.

नवशिका सगळ्या माशांसाठी आमिष तळाशी सोडतो आणि मग "या धरणात मासाच नाही" म्हणतो. माशाचं तोंड बघितलं तरी तो कुठे चरतो ते कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी, गाळ उकरत. सायप्रिनस चरतो तिथे बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. त्यामुळे आधी खोली मोजा: गळाला जड शिसं लावून सोडा, फ्लोट (दोरीवरची तरंगती खूण) कुठे बुडतो ते पाहा. मग ठरवा, आमिष तळापासून किती वर.

कार्प माशांसाठी, म्हणजे वरच्या चारही जातींसाठी: ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (गळाची नायलॉन दोरी), ४ ते ८ नंबरचा गळ. आमिष म्हणजे शेंगदाण्याची पेंड भिजवून कणकेत मळलेला गोळा. तो पाण्यात फेकताना सुटू नये, पण अर्ध्या तासात विरघळायला हवा; बोटानं दाबल्यावर ठसा राहतो आणि चिकटत नाही, तेव्हा बरोबर. सुरुवातीला त्याच पेंडीचे तीन-चार मुठी गोळे एकाच जागी टाका आणि मग पाऊण तास तिथेच थांबा. दर दहा मिनिटांनी जागा बदलणाऱ्याला मासा मिळत नाही.

चिलापीसाठी (तिलापिया): १० ते १२ नंबरचा बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, काठाजवळ. मुलं बरोबर असतील तर यानंच सुरुवात करा.

मरळीसाठी: गवत आणि पाणवनस्पतींच्या कडेनं, रबरी बेडूक. जिवंत बेडूक वापरू नका, कायद्यानं संरक्षण आहे. मरळ हवा घ्यायला वर येते, तेव्हा गवतात बारीक "टप्" आवाज होतो; त्याच्या दोन फूट पलीकडे टाकून ओढत आणा. पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला आहे. तिथे गळ टाकू नका. ती मरळ चिडून लगेच चावते, पण ती गेली की तो सगळा पुंजका संपला.

फ्लोट वाचायला शिका. चिलापी फ्लोट नाचवते. शिंगाडा (मिशांचा मासा) तो सरळ ओढत नेतो. मृगळ-सायप्रिनस आमिष शिशासकट उचलतात तेव्हा फ्लोट बुडत नाही, उलट वर येऊन आडवा पडतो. लोक नेमकं तेव्हाच "काही नाही, दोर सैल पडलाय" म्हणून बसून राहतात. आडवा पडला की मनगटानं हलका झटका. हातभर झटका दिला तर तोंड फाटतं.

होडीतून गळ टाकायचा तर:

१. नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधलेल्या नांगरावर वाऱ्याची एक लाट आली की कड पाण्याखाली. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा, आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा.

२. उभं राहायचं नाही. मासा मोठा लागला तरी नाही.

३. एका वेळी एकानंच टाकायचं. दुसऱ्यानं टोपी आणि चष्मा घालून समोर बघायचं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून सपाट केला तर माशातून आणि माणसातूनही तो सहज निघतो.

४. मासा हातजाळीनं उचला. ओणवं होऊन तंगूस धरून ओढलं की आधी तंगूस तुटतो, नाही तर होडी कलंडते.

सावधान: शिंगाड्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात. फडक्यानं धरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, जखम धुवा, डॉक्टरांना दाखवा.

अंधार पडायच्या आत होडी काठावर. रात्री गळ काठावरूनच. सुरुंग, करंट किंवा विषारी पावडर टाकणारे दिसले तर तिथून निघा आणि संस्थेला कळवा. सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

## टप्पा ९: मासा आणि भांडं

लागेल तेवढाच ठेवा. वीतभर रोहू-कटला सोडून द्या, ओल्या हातानं धरून, पाण्यातच. ठेवायचा मासा लगेच डोक्यावर घाव घालून मारा, कल्ले आणि आतडी काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. होडीच्या तळाशी उन्हात तासभर लोळलेला मासा घरी नेऊन कोणाला देऊ नका. आतडी पाण्यात फेकायची नाहीत; तंबूपासून लांब खोल पुरा, नाही तर रात्रभर कुत्री.

स्वयंपाकात फार कलाकुसर नको. मीठ-हळद लावून अर्धा तास, तव्यावर तेल, थोडा ठेचा. रस्सा हवा असेल तर येसर पाण्यात कालवून उकळीला लावा आणि तुकडे शेवटी सोडा, म्हणजे फुटत नाहीत. चिलापीला काटे कमी, मृगळाला बारीक काटे खूप. मुलांना कोणता वाढायचा ते यावरून ठरवा.

## टप्पा १०: परत

पहाटेचा गळ हवा असेल तर आठपर्यंत. मग आवरा. वारा उठायच्या आत परतीच्या काठाला लागायचं आहे, आणि हे गणित आदल्या दिवशीच करून ठेवा: येताना दोन तास लागले असतील तर जाताना तीन धरा.

तुटलेला तंगूस वेचून घरी न्या. पक्ष्यांच्या पायात गुंतला तर त्यांना तो सोडवता येत नाही. घरी होडी पूर्ण वाळवा, तळाला चिकटलेला जलपर्णीचा तुकडा पुढच्या तळ्यात पोचू देऊ नका.

काठाला लागलात की गाडी सुरू करण्याआधी गावातल्या त्या नंबरवर फोन करा, "बाहेर आलो" एवढंच सांगायला. आखाड्यावरच्या दादांनाही निरोप द्या. फोन राहिला तर दुपारी भोई मंडळी आपलं जाळं सोडून तुम्हाला शोधायला पाण्यात उतरतील, आणि पुढच्या वेळी संस्थेकडे परवानगी मागायला तोंड उरणार नाही.